पॅक मेला की नुसता रुसला?

वाचकांचे प्रश्न, गाळ्यातली उत्तरं

गणपती गेले की दिवाळीपर्यंत ठाणे-नवी मुंबईतल्या सुतारांना दम खायला फुरसत नसते. नेमक्या याच दिवसांत पावसाळाभर पोटमाळ्यावर पडलेल्या कॉर्डलेस मशीन खाली उतरतात, बॅटरी चार्ज होत नाही असं लक्षात येतं आणि मंडळी वागळे इस्टेटमधल्या माझ्या गाळ्यात येतात. आमचं मूळ काम मोटर वायंडिंगचं, पण हल्ली टेबलावर आर्मेचरपेक्षा बॅटऱ्याच जास्त असतात. या वेळी संपादकांनी पाठवलेल्या पत्रांचंही तेच. म्हणून मिक्सर आणि पंपवाल्यांना पुढच्या महिन्यापर्यंत थांबवून ही पानं बॅटरीवाल्यांना दिली आहेत.

प्रश्न : ताई, मी मॉड्युलर किचनची फिटिंग करतो. माझा 18 व्होल्ट, 4 अँपिअर-अवरचा लिथियम पॅक पावसाळाभर पेटीत होता. आता चार्जरवर लावला की लाल-हिरवा दिवा लुकलुकतो आणि चार्जिंग होतच नाही. माझ्या हेल्परने मोबाइलवर बघितलंय की चांगल्या पॅकमधून दोन वायरी काढून मेलेल्या पॅकला थोडा वेळ टेकवल्या की तो जागा होतो. करून बघू का?
— सुतार, कोपरखैरणे

उत्तर : नको. आत काय झालंय ते आधी मोजा. मोजलंत की वायरी टेकवायची इच्छा आपोआप जाईल.

18 व्होल्टच्या लिथियम पॅकमध्ये, म्हणजे सेल जोडून बनवलेल्या बॅटरीच्या खोक्यात, एकापुढे एक जोडलेले पाच टप्पे असतात. प्रत्येक टप्पा साधारण 3.6 व्होल्टचा, म्हणून पाच मिळून 18. पूर्ण भरल्यावर प्रत्येक टप्पा 4.2 वर जातो, म्हणजे एकूण 21. (काही कंपन्या त्याच पॅकवर ‘20 व्होल्ट मॅक्स’ छापतात. आत तेच पाच टप्पे असतात. दोन व्होल्ट जास्त मिळाले म्हणून खूश होऊ नका.) तुमच्या 4 अँपिअर-अवरच्या पॅकमध्ये बहुधा प्रत्येक टप्प्यात दोन सेल शेजारी-शेजारी असतील, म्हणजे एकूण दहा. सेल 18650 मापाचे, 18 मिलिमीटर जाड आणि 65 मिलिमीटर लांब.

आता भिशीत एकाने हप्ता थकवला की सगळ्यांचं अडतं, तसं इथे आहे. पाचांतला एक टप्पा खाली गेला की चार्जर अख्ख्या पॅकला नकार देतो. बाकीचे चार ठणठणीत असले तरी बाहेरून तुम्हाला पॅक मेल्यासारखाच दिसतो. गाळ्यात ‘मेलेले’ म्हणून येतात त्यांतल्या बऱ्याच पॅकची हीच कथा असते. तो एक टप्पा का खाली जातो, याची कारणं वेगवेगळी. कधी सेलच कमजोर निघतो. कधी आतल्या सर्किट बोर्डाची रचनाच अशी असते की बोर्ड स्वतःला लागणारा थोडासा करंट एकाच टप्प्यातून घेत राहतो. पॅक रोज वापरात असेल तर कळतही नाही. चार महिने पेटीत पडला की तो एकच टप्पा तळाला जातो.

पॅक उघडायला मध्ये भोक असलेला टॉर्क्स टी-10 चा पाना लागतो. एखादा स्क्रू स्टिकरखाली किंवा प्लास्टिकच्या बुचाखाली लपवलेला असतो. तो न काढता ताकद लावली की खाचा तुटतात. आधी हातातली अंगठी, कडं, घड्याळ उतरवा. मी बांगड्या काढते आणि मंगळसूत्र आत घालते. लिथियमच्या पॅकवर धातू आडवा पडला तर तो जागीच लाल होतो. टेबलावर स्क्रू, बिट, लोखंडाचा कीस काही नको.

मग मल्टीमीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवून प्रत्येक टप्प्याच्या दोन टोकांवर वाचन घ्या आणि कागदावर लिहा. तोंडी लक्षात ठेवू नका, पाचव्या वाचनापर्यंत पहिलं विसरायला होतं.

पाचही टप्पे 2.6 ते 3 च्या दरम्यान, एकमेकांच्या जवळपास निघाले, तर पॅक नुसता रुसलाय. असे पॅक हमखास उठतात. चार टप्पे 3.7 च्या आसपास आणि एक 2.4 वगैरे असेल तर तो एक टप्पा वेगळा, हळूहळू भरून घ्यायचा. पण एखादा टप्पा 2 च्या खाली असेल, तोही महिनोन्महिने, तर तिथे थांबा. इतक्या खाली गेल्यावर सेलमधल्या निगेटिव्ह बाजूचा तांब्याचा पत्रा विरघळायला लागतो. पुन्हा चार्ज केलं की ते तांबं भलत्याच जागी बसतं आणि आतल्या आत शॉर्ट तयार होऊ शकतो. असा सेल आज चार्ज घेईल, उद्या ड्रिलही फिरवेल, आणि मग एखाद्या रात्री प्लायवुडच्या भुशाशेजारी चार्जरवर असताना काय करेल ते सांगता येत नाही. 2 च्या खालचा टप्पा मी उठवत नाही, गिऱ्हाईक कितीही गळ घालो.

आता हेल्परच्या वायरींकडे. भरलेला पॅक 20 व्होल्टच्या वर, तुमचा समजा 13 वर. फरक सातेक व्होल्टचा. दोन्ही पॅकचा आतला रेझिस्टन्स आणि वायर मिळून पाव ओहमही भरत नाही. सात भागिले पाव, म्हणजे अठ्ठावीस अँपिअर, आणि वायर जाड असेल तर त्याहून जास्त. तेही खाली गेलेल्या, सर्वांत नाजूक अवस्थेतल्या सेलमध्ये. दुसरी गोष्ट त्या व्हिडिओवाल्यांनी सांगितलेली नसणार. टप्पे एकापुढे एक जोडलेले असल्यामुळे पाचही टप्प्यांतून सारखाच करंट जातो. वरचे चार जेवढे भरतात तेवढाच खालचा एक भरतो, मधली दरी तशीच राहते. चार्जर फसतो, हिरवा दिवा लागतो, आणि चार दिवसांनी पॅक परत बंद. व्हिडिओ तोवर संपलेला असतो.

योग्य पद्धत कंटाळवाणी आहे. खाली गेलेल्या टप्प्याच्याच दोन टोकांना 4.2 व्होल्टवर थांबणारा, करंट बांधलेला चार्जर जोडायचा. गाळ्यात मी बेंच सप्लाय वापरते, म्हणजे व्होल्ट आणि करंट हवा तेवढा बांधून देता येणारं टेबलावरचं मशीन. तुमच्याकडे तो नसेल तर लॅमिंग्टन रोडवर टीपी 4056 नावाचं इवलंसं मॉड्युल मिळतं, मोबाइलच्या चार्जरवर चालतं. त्याची चांगली सवय अशी, की सेल 2.9 व्होल्टच्या खाली असला तर ते आधी सव्वाशे-दीडशे मिलिअँपिअरच सोडतं आणि सेल वर आला की मगच पूर्ण अँपिअरवर जातं. एका वेळी एकच टप्पा भरायचा. एकाच मोबाइल चार्जरवर दोन मॉड्युल लावून दोन टप्पे एकदम भरायला जाल तर मधून शॉर्ट होईल. भरताना सेलवर अधूनमधून बोट ठेवा. टप्प्यात दोन सेल असल्यामुळे एकेकाच्या वाट्याला अर्धाच अँपिअर येतो, तेवढ्यावर सेल गरम व्हायचं काही कारण नाही. होत असेल तर वायर काढा आणि पॅक बाहेर मोकळ्यावर ठेवा.

पाचही टप्पे सारखे झाले की मूळ चार्जरवर पूर्ण भरा, वाचनं लिहा, आठवडाभर तसाच ठेवून पुन्हा घ्या. एखादा टप्पा इतरांपेक्षा 0.05 व्होल्टहून जास्त खाली आला असेल तर तो गळतोय. त्या पॅकवर आणखी वेळ घालवू नका.

एक अडचण उरते. काही पॅकचा बोर्ड चार्जिंग दोन-तीनदा फसलं की ते कायमचं लक्षात ठेवतो. मग सेल कितीही चांगले असोत, चार्जर हात लावत नाही. म्हणून दिवा लुकलुकायला लागला की ‘परत लावून बघू, परत लावून बघू’ करत बसू नका. पहिल्या-दुसऱ्या नकारालाच पॅक उघडून मोजा.

प्रश्न : माझ्याकडे साधारण वीस वर्षांपूर्वीचं 12 व्होल्टचं निकेल-कॅडमियम ड्रिल आहे. मशीन अजून उत्तम, दोन्ही बॅटऱ्या मात्र पाच मिनिटांत बसतात. कोणी म्हणतं मेमरी इफेक्ट, पूर्ण उतरवून भरा. कोणी म्हणतं रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. कोणी म्हणतं वेल्डिंगच्या मशीनने झटका द्या. निवृत्त माणूस आहे, वेळ भरपूर आहे. काय करावं?
— ज्येष्ठ वाचक, नौपाडा

उत्तर : काका, वेळ भरपूर आहे हे वाचून बरं वाटलं, कारण निकेल-कॅडमियमला तोच लागतो.

ही जात फार जुनी आणि फार चिवट. स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांनी ती 1899 मध्ये बनवली, आणि 1961 मध्ये ब्लॅक अँड डेकरने पहिलं बिनवायरीचं ड्रिल काढलं ते याच सेलवर. तुमच्या पॅकमध्ये 1.2 व्होल्टचे दहा सेल आहेत, ‘सब-सी’ मापाचे, बुटके नि जाडे.

फ्रीझर विसरा. थंड पॅक बाहेर काढल्यावर ठाण्याच्या हवेत त्यावर जे दव धरतं ते टर्मिनल गंजवतं, एवढाच त्याचा परिणाम.

झटक्याचं थोडं खरं आहे. निकेल-कॅडमियम सेलमध्ये वर्षानुवर्षं बारीक स्फटिकाचे केस वाढतात आणि दोन पत्र्यांमध्ये शॉर्ट करतात. असा सेल मीटरवर शून्य दाखवतो. क्षणभर मोठा करंट दिला की तो केस जळतो आणि सेल परत चार्ज घेतो. पण मधल्या पडद्याला भोक पडलेलंच असतं, नवा केस तिथूनच येतो. त्यात वेल्डिंगच्या मशीनने सेल फुटला तर त्यातलं कॉस्टिक डोळ्यांत जाईल. झटका दिलेला सेल मी कधी गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही.

मेमरी म्हणजे दरवेळी अर्धवट उतरवलेली बॅटरी पुढे तेवढंच काम देते ती सवय. लोक बोलतात तेवढी ती घरगुती ड्रिलमध्ये भेटत नाही. बहुतेक वेळा जे होतं ते असं : दहांतले एक-दोन सेल इतरांपेक्षा आधी रिकामे होतात. आणि इथेच ‘पूर्ण उतरवा’ हा सल्ला घात करतो. ट्रिगर दाबून, टेप लावून, मशीन थांबेपर्यंत फिरवलं की नऊ सेल मिळून त्या रिकाम्या सेलमधून उलटा करंट ढकलतात. तो उलटा चार्ज होतो आणि आणखी बिघडतो. म्हणून उतरवायचं ते सेलला 1 व्होल्टपर्यंत, म्हणजे तुमच्या पॅकला 10 व्होल्टपर्यंत, त्याखाली नाही. मोटरसायकलचा 12 व्होल्टचा बल्ब आणि मीटर लावून बसा. 10 दिसले की बल्ब काढा.

मग संथ चार्जिंग. पॅकवर लिहिलेल्या क्षमतेच्या दहाव्या भागाने, चौदा ते सोळा तास. 1.3 अँपिअर-अवरचा पॅक असेल तर 130 मिलिअँपिअर. एवढ्या मंद करंटवर भरलेले सेल जास्तीचा चार्ज उष्णतेत घालवतात, मागे राहिलेल्यांना गाठायला वेळ मिळतो आणि सगळे एका पातळीवर येतात. फास्ट चार्जरवर हे होत नाही. जुना 19 व्होल्टचा लॅपटॉप अ‍ॅडॉप्टर आणि मध्ये 33 ओहम, 5 वॅटचा रेझिस्टर एवढ्यात हे जमतं. सुरुवातीला दोनशेच्या आसपास जातील, पॅक भरत आला की एकशे तीस-चाळीसवर येतील. प्लस-मायनस दोनदा बघा, रेझिस्टर फरशीवर ठेवा, गरम होतो. आणि घड्याळाचा गजर लावा, कारण हा जुगाड स्वतःहून थांबणारा नाही.

असं दोन-तीनदा करा. त्यानंतर फरक पडला नाही तर सेल बदलायचेच आहेत. दहाही बदला. टॅब लावलेले निकेल-मेटल-हायड्राइड सब-सी सेल मिळतात, ते त्याच खोक्यात बसतात. फक्त त्यांना उष्णतेचं वावडं जास्त, म्हणून जुन्या तासाभराच्या चार्जरपेक्षा संथ चार्जिंगच बरं. लिथियम बसवायचं असेल तर 12 व्होल्टच्या जागी तीन टप्पे, ड्रिलचा सुरुवातीचा झटका पेलणारा बॅलन्सवाला (टप्पे सारखे ठेवणारा) प्रोटेक्शन बोर्ड, आणि 12.6 व्होल्टचा लिथियमचाच चार्जर. जुना चार्जर त्याच दिवशी वायर कापून टाकून द्या. घरात राहिला तर कधीतरी कोणीतरी लावणारच, आणि त्याला 12.6 वर थांबणं माहीत नाही.

काढलेले सेल कचऱ्यात टाकू नका. कॅडमियम विषारी आहे. खाली भिजलेल्या पॅकच्या पत्राला उत्तर दिलंय, तीच वाट यांचीही.

प्रश्न : बॅटरी रात्रभर चार्जरवर राहिली तर चालते का? आणि वर्षातून चार वेळा लागणारं ड्रिल भरून ठेवावं की रिकामं?
— गृहिणी, खारघर

उत्तर : चांगल्या कंपनीचा लिथियम चार्जर भरल्यावर स्वतः थांबतो, त्यामुळे एखाद्या रात्री राहिलीच तर आभाळ कोसळणार नाही. सवय मात्र नको. चार्जर फरशीवर ठेवा. गादी, पडदा, प्लायवुडचा भुसा यांच्यापासून लांब.

ठेवताना निम्मी भरलेली ठेवा. पॅकवर दिवे असतील तर चारपैकी दोन. लिथियमला पूर्ण भरलेलं राहणं आणि उकाडा, दोन्ही एकत्र सोसत नाहीत. 40 अंश तापमानात पूर्ण भरलेला सेल वर्षभर पडला तर त्याची साधारण एक तृतीयांश क्षमता जाते. तोच 40 टक्के भरलेला असेल तर पंधरा टक्क्यांच्या आसपास. 25 अंशांत निम्मा भरून ठेवलेला जवळजवळ तसाच राहतो. त्यामुळे पत्र्याच्या शेडखालचा माळा, गॅलरीतली पेटी, उन्हात उभ्या गाडीची डिकी, यातलं काही नको. बेडरूममधल्या कपाटाचा खालचा कप्पा उत्तम. तीन-चार महिन्यांनी एकदा दिवे बघा, एकावर आली असेल तर थोडी भरा. पॅक मशीनमधून काढून ठेवा. निकेल-कॅडमियमला हे नियम नाहीत, तो रिकामा पडला तरी चालतो.

(शून्याखाली लिथियम चार्ज करू नये हेही खरं, पण ते लडाखच्या साइटवर जाणाऱ्यांसाठी.)

प्रश्न : आमचं फॅब्रिकेशनचं युनिट आहे. कॉर्डलेस ग्राइंडरचे काही पॅक बसलेत. एक जण ‘5000 एमएएचचे सेल टाकतो’ म्हणून फारच स्वस्तात रिपॅक करून द्यायला तयार आहे, दुसरा त्याच्या दुप्पट मागतो. फरक कसा ओळखायचा?
— फॅब्रिकेटर, रबाळे एमआयडीसी

उत्तर : पहिल्याला विचारा, सेल 18650 आहे का. तो हो म्हणाला तर चहा पाजून पाठवून द्या. या मापाचे पॉवर टूलला चालणारे सेल 1500 ते 3000 मिलिअँपिअर-अवरचे (एमएएच) असतात. साडेतीन हजारांच्या आसपासचे मिळतात, पण ते टॉर्चला, लॅपटॉपला; ग्राइंडरच्या ओढीला ते पुरे पडत नाहीत. 5000 लिहिलेला 18650 म्हणजे छापखान्याची करामत. 21700 मापात खरे 5000 मिळतात, पण ते तुमच्या खोक्यात बसणार नाहीत.

सेल किती साठवतो यापेक्षा तो एका वेळी किती देऊ शकतो हे तुमच्यासाठी महत्त्वाचं. ग्राइंडर लोखंडावर दाबला की तीस अँपिअर सहज ओढतो. टप्प्यात दोन सेल असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला पंधरा. म्हणून सेलच्या डेटाशीटवर सतत 15 ते 20 अँपिअर डिस्चार्ज लिहिलेलं हवं. लॅपटॉपच्या जुन्या बॅटऱ्यांतून काढलेले सेल पाच-सहा अँपिअरचे. ते घातलेला पॅक ड्रिलवर हळू चालेल, ग्राइंडरवर तापेल. बाजारात स्वस्त रिपॅकमध्ये नवीन निळं-हिरवं आवरण चढवलेले हेच सेल असतात.

ओळखायची सोपी खूण वजन. खरा 18650 पंचेचाळीस ग्रॅमच्या आगेमागे भरतो. एका गिऱ्हाइकाने कुठून तरी स्वस्तात आणलेला, वर आगीच्या ज्वाळांचं चित्र छापलेला सेल मी शेजारच्या सोनाराच्या काट्यावर ठेवला, तर 31 ग्रॅम. पत्र्याचं डबडं पूर्ण मापाचं, आत माल अर्धा. सोनारही हसला, म्हणाला, आमच्या धंद्यात असं केलं तर गिऱ्हाईक दुकान फोडेल.

बाकी तपासायच्या गोष्टी जोडणीच्या. टप्पे जोडणारी पट्टी शुद्ध निकेलची हवी, साधारण 0.15 मिलिमीटरची. निकेलचा मुलामा दिलेलं लोखंड दिसायला तसंच, पण रेझिस्टन्स जास्त, तापतं. तुकडा कानशीने खरवडून मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवा, सकाळी तांबूस झाला तर लोखंड. पट्टी स्पॉट वेल्डिंगनेच लावलेली हवी. सेलच्या टोकावर सोल्डरिंग आयर्न धरला की आतलं सील आणि पडदा भाजतो. वरून दिसत नाही, महिन्याभराने कळतं. प्लसच्या टोकाभोवती बार्ली पेपरची, म्हणजे जाड इन्सुलेशन कागदाची, चकती आहे ना ते बघा. सेलचं सगळं डबडं मायनस असतं, प्लसच्या बोंडाच्या भोवतीची कडसुद्धा. तिथलं आवरण घासलं गेलं की पट्टी कडेला टेकून सरळ शॉर्ट. ग्राइंडरची थरथर हे काम फार लवकर करते. आम्ही वायंडिंगच्या स्लॉटमध्ये घालायचा लेदरॉइड पेपर पंचाने कापून तीच चकती बनवतो. काही पैशांचा कागद आहे, पण घाईत तोच राहून जातो.

आणि ‘फक्त खराब टप्पा बदलून देतो’ म्हणणारा आला तर थोडा विचार करा. चार म्हातारे आणि एक तरुण, अशी जोडी जमत नाही. नव्याची क्षमता जास्त, त्यामुळे पॅक आधी जुन्यांतल्या सर्वांत कमजोर टप्प्यावर अडतो. पॅक वर्षभराच्या आतला असेल आणि एकच सेल दगावला असेल तर करा. नाहीतर सगळे, एकाच लॉटचे.

काम परत घेताना लोड टेस्ट तुमच्यासमोर करून मागा. कारच्या हेडलाइटचे 12 व्होल्ट, 55 वॅटचे दोन हॅलोजन बल्ब एकापुढे एक जोडले की 18 व्होल्टच्या पॅकवर साधारण 4 अँपिअरचा भार पडतो. बल्ब लावायच्या आधीचं आणि लावल्यावर मिनिटभराचं वाचन घ्या. अर्धा व्होल्ट उतरला तर पॅक निरोगी. दीड-दोन उतरला तर सेल जुने. बल्ब चालू असतानाच टप्प्याटप्प्याचं वाचन घेता आलं तर आणखी चांगलं, कारण बिनभाराचं 3.9 दाखवणारा टप्पा भाराखाली 3.2 वर लोळण घेतो तेव्हाच पकडला जातो.

पैशाचं म्हणाल, तर चांगल्या सेलचं रिपॅक नव्या मूळ पॅकच्या निम्म्याच्या वर जात असेल तर मी नवा पॅक घ्यायला सांगते. माझं गिऱ्हाईक जातं, पण मूळ पॅकबरोबर वॉरंटी येते आणि कारखान्यात जुळवून घेतलेले सेल येतात.

प्रश्न : उलव्याच्या साइटवर पॅक रात्रभर पावसात राहिला. वाळवला, पण नेलपॉलिश रिमूव्हरसारखा गोडसर वास येतो. वाळल्यावर चार्ज करू ना?
— प्लंबर, नेरुळ

उत्तर : अजिबात नाही. तो वास पाण्याचा नाही, सेलमधल्या इलेक्ट्रोलाइटचा आहे. म्हणजे किमान एक सेल फुटून वाफ सोडतोय. पॅक आत्ताच घराबाहेर, फरशीवर किंवा कोरड्या वाळूच्या बादलीत, जळण्यासारखं काही जवळ नसेल असा ठेवा. दोन्ही टर्मिनलवर टेप लावा. मिठाच्या पाण्यात बुडवून ‘मारायचा’ एक उपाय लोक सांगतात. त्यात हायड्रोजन सुटतो, टोकं गंजून गळतात आणि सेल आतून भरलेलाच राहू शकतो. करू नका. पेटलाच तर भरपूर पाणी, लांबून, सतत. ज्वाळा विझल्यावरही सेल आत तापलेला असतो आणि परत पेटतो, म्हणून थंड करत राहणं महत्त्वाचं. त्यातून निघणारा धूर छातीत घेऊ नका.

विल्हेवाटीचं : 2022 च्या बॅटरी वेस्ट मॅनेजमेंट नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकावर आणि आयातदारावर आहे. त्यामुळे आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करा, फुटलेला आहे हे सांगून मगच न्या. नाहीतर परवानाधारक ई-कचरावाला. घंटागाडीत टाकलात तर पॅक गाडीच्या पोटात दाबला जातो, आणि भंगारवाल्याने हातोडी घातली तर त्याच्या मुलांच्या अंगावर उडेल.

नुसता भिजलेला, वास नसलेला, टप्पे सारखे असलेला पॅक असेल तर गोष्ट वेगळी. उघडायचा, बोर्ड आणि टर्मिनल आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ ब्रशने धुवायचे, दोन दिवस पंख्याखाली. खाडीकाठच्या साइटवर पाऊस नसतानाही टर्मिनलवर हिरवट थर धरतो. तो याच अल्कोहोलने काढा. सँडपेपर मारू नका, मुलामा जातो आणि पुढचा थर दुप्पट वेगाने येतो.

प्रश्न : पुढच्या महिन्यात कोचीला फिटिंगचं काम आहे, विमानाने जायचंय. ड्रिल आणि 18 व्होल्ट, 5 अँपिअर-अवरचे दोन पॅक नेता येतील का?
— इंटिरिअर ठेकेदार, ऐरोली

उत्तर : येतील. 18 गुणिले 5, म्हणजे 90 वॉट-अवर. सुट्या लिथियम बॅटरीला 100 वॉट-अवरपर्यंत विमान कंपनीची आगाऊ परवानगी लागत नाही. 100 ते 160 पर्यंत लागते आणि तेव्हाही दोनच. 6 अँपिअर-अवरचा पॅक 108 होतो, तो या दुसऱ्या गटात. पॅकवर वॉट-अवरचा आकडा छापलेला असतो, तो पुसला गेला असेल तर सुरक्षा तपासणीत अडवतील, म्हणून स्टिकर शाबूत असलेलेच न्या. सुटे पॅक हातातल्या बॅगेत, टर्मिनलवर टेप लावून, प्रत्येक वेगळ्या पिशवीत. चेक-इनच्या सामानात चालत नाहीत. ड्रिल मात्र चेक-इनमध्ये, पॅक काढून आणि बिट काढून. नेण्याआधी तुमच्या विमान कंपनीच्या नियमांवर एकदा नजर टाका, काही जण संख्येवर वेगळी मर्यादा घालतात.